हजेरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर उभे होतो. माणसे पांगली होती. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मात्र मागे रेंगाळत होती. ती छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, एका महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गात शिकते आणि बदनापूर तालुक्यातील आपल्या वाडीवरून रोज ये-जा करते. या ये-जा करण्याला आमच्या भागात ‘अपडाऊन’ असा शब्द रूढ आहे. तिने विचारले, “फादर, दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणं हे पाप आहे का?”

हा प्रश्न प्रायश्चित्त संस्कारात आलेला नाही. तो उघड्यावर, दिवसाउजेडी विचारला गेला आणि त्याविषयी लिहिण्यास तिची संमती आहे. एरवी तो आमच्यापाशीच राहिला असता.

हकिकत थोडक्यात अशी. तिचा पहिला तास सकाळी ८ वाजता. वाडीवरून स्टेशनपर्यंत वडील मोटारसायकलवर सोडतात, तेथून रेल्वे. रेल्वे चुकली तर एसटी. हा रेल्वेमार्ग एकेरी आहे. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी वाट पाहत उभी राहते. गाडीला वीस मिनिटे उशीर झाला की स्टेशनपासून वर्गापर्यंत धावत जाऊनही तास निम्मा संपलेला असतो आणि हजेरी पहिल्या पाच मिनिटांतच घेऊन झालेली असते. शहरात राहणारी तिची एक मैत्रीण अशा दिवशी तिच्या नावालाही ‘हजर’ म्हणू लागली. हिने तसे सांगितले नव्हते, मैत्रिणीने आपण होऊन, मायेपोटी केले. महिनाअखेरीस हजेरीपट पाहताना हिच्या लक्षात आले. “फादर, ज्या दिवशी मी नव्हते त्या दिवशीही मी होते,” असे ती म्हणाली, आणि तिला हसू आले नाही.

आम्ही सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, असत्याचे आठ प्रकार पाडले आणि आठही वर्ज्य ठरवले. संत थॉमस अक्वायनस यांनी परोपकारासाठी बोललेले असत्य द्वेषाने बोललेल्या असत्याहून पुष्कळ सौम्य मानले. पाप मात्र मानलेच. मैत्रिणीचे ‘हजर’ हे या सौम्य प्रकारात बसते. तिला नरकाची भीती घालण्याचे कारण नाही, पण ते थांबले पाहिजे, असे आम्ही सांगितले. आपल्याकडे अश्वत्थाम्याच्या गोष्टीत धर्मराजाचा रथ अर्धसत्यामुळे जमिनीला टेकला, तीही आठवण करून दिली. मुलीने ऐकले, मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला थांबवले. आमचे काम पाच मिनिटांत झाले. उत्तर बरोबर होते, असे आम्हांला आजही वाटते. परंतु एवढ्या झटपट दिलेल्या उत्तराबद्दल माणसाने जरा सावध असावे, हे आम्हांला नोव्हेंबरात कळले.

नोव्हेंबरात हजेरीत तूट असलेल्यांची यादी लागली. ७५ टक्क्यांच्या नियमात ती बसत नव्हती. जे तिच्यासारखेच उशिरा पोहोचत होते, पण ज्यांचे मित्र आवाज देण्यात तत्पर होते, ते सारे बसत होते. ती कार्यालयात गेली. लिपिक सद्गृहस्थ होते, त्यांनी मदतीच्याच भावनेने सुचवले, “मेडिकल आणून दे, होऊन जाईल.” ती म्हणाली, “सर, मी आजारी नव्हते. गाडी लेट होती.” ते म्हणाले, “बाळा, फॉर्मवर गाडीचा रकाना नाही.”

हे वाक्य तिने आम्हांला सांगितले तेव्हापासून ते आमच्या मनातून गेलेले नाही. खोट्या आजाराला कागदावर जागा आहे, खऱ्या अंतराला नाही. त्या अर्जावर सत्य लिहिता येत नाही, कारण ते कोठे लिहावे हेच ठरलेले नाही. अशा वेळी असत्याचा दोष सही करणाऱ्या मुलीवर किती आणि अर्ज छापणाऱ्यावर किती? नीतिशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत असत्य बोलणारा असतो आणि असत्य ऐकणारा असतो. असत्य मागणारा तिसरा कोणी असू शकतो, याची चर्चा आम्हांस तरी शिकवली गेली नव्हती.

ही मुले इतक्या लांबून का जातात, असे कोणी विचारील. जालन्यात महाविद्यालये आहेत, ती चांगली आहेत. पण प्रत्येक विषयाचे पदव्युत्तर वर्ग जवळ नाहीत, आणि शहराची एक ओढही असते. ती आम्ही नाकारत नाही. मराठवाड्यात विद्यापीठ झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्यापूर्वी येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्या नावासाठी १९७८पासून माणसांनी काय सोसले, ते या भागातल्या वाचकांस सांगावयास नको. त्याच १९९४ साली नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि येथे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव असे चार जिल्हे उरले. त्या चार जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतल्या पोराला डोंगराच्या पायथ्याशी असलेले ते प्रवेशद्वार पाहिले की आपण कोठेतरी पोहोचलो असे वाटते. त्या वाटण्याला आम्ही हसणार नाही.

पण पोहोचणे आणि राहणे यांत फरक आहे. हा फरक आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखला होता. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, आणि पुढे १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू झाले, त्या नागसेनवनात वर्गांबरोबर मुलांच्या राहण्याचाही विचार झाला. दूरच्या मुलाला केवळ शाळेचे दार उघडून चालत नाही, त्याला शाळेजवळ अंथरूण लागते, हे या मंडळींना ठाऊक होते.

योगायोग असा की याच गोष्टीवर संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिन येथे व्याख्याने देताना बोट ठेवले होते. एक विद्यापीठ असे, की जे मुलांना राहण्यास जागा देत नाही, फक्त परीक्षा घेते व पदव्या देते. दुसरे असे, की जेथे ना प्राध्यापक ना परीक्षा, तीन-चार वर्षे तरुण फक्त एकत्र राहतात. या दोहोंतून निवडण्याची पाळी आली तर आपण दुसरे निवडू, असा त्यांचा कौल होता. तो ऐकून त्या काळी पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. पाच वर्षांनी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते न्यूमन यांना नापसंत असलेल्या लंडनच्या नमुन्यावर. आपली विद्यापीठे जन्मतः परीक्षा घेणारी आहेत, सहवास हा नंतर जोडलेला भाग. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. आचार्यांचा हा विचार आमच्या अपडाऊनवाल्या मुलांना लावून पाहिला तर त्यांच्या वाट्याला त्यातले पहिलेच विद्यापीठ येते, आणि तेही अर्धे.

वसतिगृहाचे फार गोडवे गाण्याचा मात्र आमचा अधिकार नाही. सेमिनरी हेही एक वसतिगृहच. घंटा होई, आम्ही जागेवर असू, आणि मन पार नदीकाठी. आमची हजेरी शंभर टक्के होती.

आमच्या या मुलीला वसतिगृह का मिळाले नाही, याला आणखी एक कारण आहे आणि या अंकाच्या वाचकांना ते परिचयाचे आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी ‘स्वाधार’ योजना राज्यात आहे, आणि ती चांगली योजना आहे. परंतु १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदूंचा समावेश केला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधव त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. तिच्या आजोबांची चुलत भावंडे आणि तिचे आजोबा एकाच वाड्यात वाढले, एकाच विहिरीपासून हाकलले गेले. त्या चुलत घरातील मुलगा आज शहरात खोली घेऊन शिकतो. हिला ती योजना लागू नाही. इतर मागासवर्गीयांच्या योजनेत अर्ज केला होता, यादीत नाव आले नाही. कागदावर वेगळा धर्म लिहिण्याचा सल्ला त्याही वेळी कोणी दिला होता, तो तिच्या वडिलांनी मानला नाही. अशा घराकडे आम्ही सत्याचा उपदेश घेऊन गेलो होतो.

वडील मोसंबीच्या बागेत सालदार आहेत. नोव्हेंबरात ते मुलीबरोबर आले. वैद्यकीय दाखला आणावा की नाही, हे त्यांनी विचारले. आम्ही नाही म्हणालो. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, “फादर, खरं बोलायला आमची ना नाही. पण खऱ्याचा खर्च दर टायमाला आमच्याच घरून कामून?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुलीने दाखला आणला नाही. तिने साध्या कागदावर खरा अर्ज लिहिला: गाडी उशिरा येत असे, म्हणून पहिल्या तासाला वेळेवर पोहोचता आले नाही, तूट माफ व्हावी. अर्ज स्वीकारला गेला, पुढे पाठवला गेला, आणि परीक्षेचे फॉर्म भरण्याची तारीख निघून गेली. त्या सत्राचे पेपर तिला सहा महिन्यांनी द्यावे लागले. ज्यांनी दाखले आणले ते वेळेवर बसले. आमच्या ‘नाही’ची किंमत तिने भरली, आम्ही भरली नाही, आमची त्या दिवशीची मिस्सा नेहमीच्या वेळी झाली.

या गोष्टीने आम्हांला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. मग एक निराळाच विचार सुचला. दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणे ही गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेत मुळीच परकी नाही. बालकाच्या बाप्तिस्म्यात बालकाला बोलता येत नाही, म्हणून मायबाप व धर्ममातापिता श्रद्धा प्रकट करतात. वधू किंवा वर स्वतः येऊ शकत नसेल तर प्रतिनिधीकरवी विवाह करण्याची तरतूदही १९८३च्या धर्मसंहितेत आहे. त्यासाठी लेखी, सहीचा अधिकार द्यावा लागतो. म्हणजे ‘त्याच्या वतीने मी’ असे म्हणण्यात असत्य नाही. जो उभा आहे तो कोण आणि कोणासाठी उभा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. वर्गातील ‘हजर’ खोटे ठरते ते प्रतिनिधी लपलेला असतो म्हणून. ती मैत्रीण उघडपणे म्हणाली असती, “सर, ती गाडीत आहे, करमाडच्या पुढे आली आहे,” तर ते वाक्य सत्य होते, मायेचेही होते. फक्त ते ऐकून घेण्याची रीत नव्हती.

काही ठिकाणी मात्र प्रतिनिधी चालत नाही. धर्मगुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराचे नाव पुकारले जाते आणि तो ‘अद्सुम’, म्हणजे ‘मी हजर आहे’, असे म्हणून पुढे होतो. आमचे नाव पुकारले गेले तेव्हा आमचा आवाज फुटला नव्हता, शेजारच्याने कोपर मारले. तो आमच्याऐवजी ‘हजर’ म्हणाला असता तर आमचे आयुष्य कोणत्या वाटेने गेले असते, कोण जाणे! आणि त्या एका शब्दानंतर आम्ही खरोखर किती हजर राहिलो? ज्या वाड्यांवर महिन्यातून एकदाच जाणे होते, तेथील लोकांनी आमची हजेरी घेतली तर आम्हीही ७५ टक्क्यांत बसणार नाही.

जानेवारीत आम्ही एके दिवशी या मुलांबरोबर प्रवास केला. पहाटेचा अंधार होता. आमच्या धर्मग्रामातील तीन आणि आजूबाजूच्या गावांतील तीन, अशी सहा मुले एकाच डब्यात नेहमी बसतात. एक मुलगा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून त्यावरच डुलकी घेत होता. दुसरा कारखान्यात रात्रपाळी करून तसाच आला होता. सात वाजण्याच्या सुमारास डबे उघडले. भाकरी, ठेचा, एकीच्या डब्यात आदल्या दिवशीच्या लग्नातली बुंदी. आमच्या मुलीने दोघांना इंग्रजीचा एक उतारा समजावून सांगितला, आणि तो आम्ही ऐकलेल्या कित्येक तासांपेक्षा चांगला सांगितला. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी प्रभूचे बोल चालता चालता ऐकले, पण त्याला ओळखले ते मुक्कामी थांबून भाकर मोडल्यावर. या मुलांना शहरात थांबता येत नाही. संध्याकाळची व्याख्याने, वाचनालय, नाटकाच्या तालमी, गप्पा हे सारे परतीच्या गाडीमुळे सुटते. त्यांची पंगत गाडीतच बसते. न्यूमन यांनी जो सहवास मागितला होता, तो बदनापूर ते मुकुंदवाडी एवढाच का होईना, त्यांना मिळतो आहे, असे क्षणभर वाटले. मात्र त्या डुलकी घेणाऱ्या मुलाचे डोके खिडकीवर आपटले आणि आमचा हा गोड समज जरा ओसरला.

समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी थांबली. ती समोरची गाडी शहराकडून येत होती आणि तिच्यात खेड्यांतील शाळांवर जाणारे शिक्षक, ग्रामसेवक, इतर नोकरदार होते. एक मुलगा सहज म्हणाला, “आमच्या गावच्या शाळेचे सर याच गाडीत असतील.” मुख्यालयी राहावे असा या मंडळींना नियम आहे, आणि राहतात असे कागद पुष्कळ ठिकाणी रंगवले जातात. त्यांचीही मुले शहरात शिकतात, त्यांनाही संसार आहे. आम्ही त्यांना दोष द्यायला बसलो नाही. पण दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींत अंतराची अडचण असलेली माणसे होती. मुलाने कागदावर खरे लिहावे असे सांगणारे आपण सगळे मोठे कोठे राहतो म्हणून सांगतो आणि कोठे राहतो, हे त्या काचेतून दिसत होते.

करमाडजवळ मुले आपोआप गप्प झाली. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गाडी मिळेल या आशेने याच रुळांवरून पायी निघाले होते. थकून रुळांवर झोपलेल्या १६ जणांवरून पहाटे मालगाडी गेली. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या, ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. रात्रपाळीचा मुलगा म्हणाला, “फादर, आम्ही तरी डब्यात बसून जातो.”

३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारत सुरू झाली, आता ती नांदेडहून धावते. ती बदनापूरला थांबत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, त्यावर मोटारसायकलला मज्जाव आहे. मार्च २०२३पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याचा मात्र मुलींना खरा आधार झाला. पण तीच एसटी २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत संपात होती, तेव्हा किती मुलींचे शिक्षण घरी बसले, हे कोणत्याही हजेरीपटावर सापडणार नाही.

त्या प्रवासातच आम्ही मुलांना एक शंभरपानी वही दिली. रोज गाडी किती वाजता पोहोचायची होती, किती वाजता पोहोचली, आणि डब्यात कोण कोण होते, एवढेच त्यात लिहायचे. खाली सर्वांच्या सह्या. जो त्या दिवशी नसेल त्याची सही कोणी करायची नाही. मुलांना प्रथम हा फादरचा चाळा वाटला. एक जण म्हणाला, “याचा उपयोग काय?” आम्ही सांगितले की ठाऊक नाही.

एप्रिलमध्ये आम्ही वही घेऊन मुलांबरोबर महाविद्यालयात गेलो. प्राचार्यांनी चहा दिला, वही चाळली, काही पानांच्या झेरॉक्स काढून ठेवून घेतल्या. नियमात बदल करणे त्यांच्या हाती नव्हते, आणि ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, याबद्दल आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटला. अर्जावर अजूनही गाडीचा रकाना आलेला नाही. पहिल्या तासाच्या एका प्राध्यापिका मात्र तेव्हापासून हजेरी तासाच्या आरंभी न घेता शेवटी घेतात. त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

मुलीने राहिलेले पेपर दिले, उत्तीर्ण झाली. वैद्यकीय दाखला आणावयास आम्ही होकार द्यावयास हवा होता का, हे आम्ही तिला एकदा विचारले. ती म्हणाली, “नाही फादर. पण तुम्ही तेव्हा माझ्यासोबत कॉलेजला यायला पाहिजे होतं.” वडिलांनी आम्हांला मोसंबीची अर्धी गोणी पाठवली होती, त्या खऱ्याच्या खर्चाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत.

वहीत आता नऊ सह्या होतात. जूनमध्ये बारावी होऊन आलेल्या एका मुलाकडे ती सोपवली आहे. गेल्या आठवड्यात तो सांगत होता की एके दिवशी गाडी वेळेवर पोहोचली, तर तेही लिहायचे का? लिहायचे, असे आम्ही सांगितले.